उतारा कळतो, उत्तर चुकतं: इंग्रजी आकलनाची दुरुस्ती

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे एकच तक्रार घेऊन मुलं यायला लागतात. "मॅडम, उतारा सगळा कळतो. पण दहातले पाचच बरोबर येतात." नाशिकच्या इंदिरानगरमधल्या घराच्या पुढच्या खोलीत मी बारावीच्या मुलांचं प्रवेश परीक्षांचं इंग्रजी घेते. काही मुलं शहरातली, काही निफाड, दिंडोरी, सिन्नरकडून एसटीने येणारी. बहुतेक सेमी इंग्रजीतली, म्हणजे विज्ञान-गणित इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून झालेली. हुशार असतात. आणि आल्या आल्या सगळ्यांची मागणी सारखीच: शब्दांची यादी द्या, पाठ करतो.

यादी शेवटी. विहिरीवरची मोटार चालू होत नाही म्हटल्यावर जाणता वायरमन आधी फ्यूज बघतो, लगेच मोटार वर काढत नाही. खालच्या तपासण्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. पहिल्या काही फुकट आणि एका संध्याकाळीत होणाऱ्या, शेवटची काही महिने खाणारी.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा. सगळ्यांचा आजार एक नसतो.

- उतारा वाचून झाल्यावर घरच्यांना मराठीत नीट सांगता येतो, तरी निम्मे प्रश्न चुकतात.
- दोन पर्याय बाद करता येतात. उरलेल्या दोनांत हटकून चुकीचा निवडला जातो.
- उत्तरसूची बघितली की "अरे हो, हे तर होतंच" असं वाटतं.
- उत्तरसूची बघूनही "हे कसं काय?" असंच वाटतं.
- शेवटचा उतारा दर वेळी राहतो किंवा तुक्क्यावर जातो.
- तीन महिने रोज एक उतारा सोडवला, गुण आहेत तिथेच आहेत.

"अरे हो" वाटत असेल तर निम्मी लढाई झालेली आहे. तुम्हाला इंग्रजी कळतंय, उत्तर चुकीच्या ठिकाणाहून येतंय. "हे कसं काय?" वाटत असेल तर सहाव्या तपासणीच्या आसपास काहीतरी सापडेल.

परीक्षा कोणती हेही एकदा स्वच्छ करून घ्या, कारण मुलं मित्राच्या परीक्षेचे नियम स्वतःला लावतात. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी २०२२ साली सुरू झाली. २०२५ पासून तिच्यात एका विषयाचे ५० प्रश्न, सगळे सक्तीचे, वेळ ६० मिनिटं. बरोबरला ५ गुण, चुकीला १ वजा. तिथले उतारे जास्तीत जास्त ३००-३५० शब्दांचे असतात, आणि ते माहितीपर, कथनात्मक आणि साहित्यिक अशा तीन प्रकारचे. कायद्याच्या क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न, उतारा साधारण ४५० शब्दांचा, चुकीला पाव गुण वजा. आपल्या राज्याची बीबीए-बीसीएची सीईटी २०२४ मध्ये पहिल्यांदा झाली. तिच्यात १०० प्रश्नांपैकी ४० इंग्रजीचे होते आणि वजा गुण नव्हते. नियम बदलतात, म्हणून तुमच्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. तोही आकलनाचाच सराव आहे, आणि बरेच जण तिथेच नापास होतात.

तपासणी १: प्रश्न वाचला होता का?

खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं. गेल्या आठवड्यात चुकलेले दहा प्रश्न काढा. उतारा झाका, पर्याय झाका, फक्त प्रश्न वाचा आणि त्यात नेमकं काय विचारलंय ते मराठीत मोठ्याने बोला. "नॉट", "एक्सेप्ट", "लीस्ट" हे शब्द किती वेळा डोळ्यांखालून निसटले ते मोजा. दहात दोन निघाले तर ही तपासणी वसूल झाली. यापुढे असा शब्द दिसला की कच्च्या कागदावर मोठी फुली मारायची, म्हणजे उत्तर निवडताना हात आपोआप थांबतो.

याच तपासणीत "इन्फर" हा शब्दही बघून घ्या. उताऱ्यात तसं शब्दशः लिहिलेलं नसतं, पण जे लिहिलंय त्यावरून ते निघालंच पाहिजे. "निघू शकतं" एवढ्यावर भागत नाही. समजा उताऱ्यात आहे की दुकान दुपारी बंद असल्यामुळे ती रिकाम्या हाताने परतली. यावरून ती काहीतरी आणायला गेली होती एवढं निघतं. दुकानदार आळशी आहे असं निघत नाही. दुकान पुण्यातलं आहे असंही निघत नाही, कितीही वाटलं तरी.

तपासणी २: घड्याळ काढून बघा

एकाच पातळीचे दोन उतारे घ्या. एक वेळ लावून, दुसरा दुसऱ्या दिवशी वेळ न लावता सोडवा. तोच उतारा दोनदा घेऊ नका, दुसऱ्यांदा आठवणीतून उत्तरं येतात. बिनघड्याळाच्या उताऱ्यात गुण चांगलेच वाढले तर दोष वेगाचा. तेवढेच राहिले तर घड्याळाला शिव्या देणं थांबवा, दोष समजण्यात आहे. मुलं महिनोन् महिने "वेळ पुरत नाही" म्हणत राहतात आणि एवढी एक संध्याकाळ खर्च करून खात्री करत नाहीत, याचं मला दर वर्षी नवल वाटतं.

वेगाचा दोष असेल तर हिशेब असा. सीयूईटीत प्रश्नामागे ७२ सेकंद मिळतात, म्हणजे पाच प्रश्नांच्या उताऱ्याला सहा मिनिटं. तुम्ही मिनिटाला १०० शब्द वाचत असाल तर ३५० शब्दांना साडेतीन मिनिटं जातात आणि प्रश्नामागे उरतात ३० सेकंद. मिनिटाला १७५ शब्द वाचलेत तर दोन मिनिटांत उतारा संपतो आणि प्रश्नाला ४८ सेकंद मिळतात. स्वतःचा वेग मोजणं सोपं आहे: मोबाइलवर दोन मिनिटं लावा, वाचा, शब्द मोजून निम्मे करा.

वेग कमी असण्याचं मी सगळ्यात जास्त पाहिलेलं कारण म्हणजे ओठ. ओठ हलवत वाचलं की वेग बोलण्याइतकाच राहतो. दुसरं कारण, वाक्य अर्धं झालं की मागे जाणं. ओळीखालून पेन्सिल सरकवा आणि पूर्णविराम येईपर्यंत मागे फिरायचं नाही असा आठवडाभर नेम करा. पहिले दोन दिवस काहीच कळत नाही असं वाटेल, ते चालतं.

आधी प्रश्न वाचावेत की उतारा, यावर क्लासवाल्यांची भांडणं आहेत. माझं मत: प्रश्न आधी वाचा, पर्याय वाचू नका. चारातले तीन पर्याय खोटे असतात, ते डोक्यात भरून उतारा वाचायला का बसायचं?

आणि वेळ संपत आली तर रिकामं सोडायचं का? चार पर्याय, बरोबरला ५, चुकीला १ वजा असेल, तर डोळे मिटून मारलेल्या प्रश्नामागे सरासरी अर्धा गुण मिळतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर सरासरी २. म्हणजे सीयूईटीत कोरं ठेवणं तोट्याचं आहे. क्लॅटच्या गणितात आंधळ्या तुक्क्याचा फायदा जवळपास शून्यावर येतो, तिथे निदान एक पर्याय बाद केल्याशिवाय हात लावू नका.

तपासणी ३: मराठी उतारा

ही तपासणी मुलांना अपमानास्पद वाटते, म्हणून करून घ्यावी लागते. कुठल्याही मराठी वर्तमानपत्राचा अग्रलेख घ्या. ताईला किंवा बाबांना त्यावर पाच प्रश्न काढायला सांगा: लेखकाचं मत काय, हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, हा शब्द इथे कोणत्या अर्थाने आलाय, असे. मराठीतही दोन-तीन चुकले तर दोष इंग्रजीचा नाहीच. तो वाचण्याच्या पद्धतीचा आहे, आणि मग पुढची तपासणी तुमच्यासाठीच लिहिली आहे.

तपासणी ४: उत्तर कोणत्या ओळीतून आणलं?

दहातल्या सहा-सात मुलांचा दोष इथे सापडतो, म्हणून सावकाश सांगते.

काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातून एक मुलगा यायचा. घरी द्राक्षबाग. सरावात एक उतारा होता, थंड देशातल्या द्राक्षमळ्यांवर. त्यात लिहिलं होतं की वेल हिवाळ्यात झोपते तेव्हा तिची वर्षातून एकदा छाटणी करतात. प्रश्न होता, उताऱ्यानुसार छाटणी किती वेळा होते. पठ्ठ्याने पर्याय निवडला: वर्षातून दोनदा. मी चूक दिली तर उठून उभा राहिला. "मॅडम, छाटणी दोनदाच असते. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी बहार. वडिलांना विचारा पाहिजे तर."

वडिलांना विचारायची गरज नव्हती, त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे वेलीला झोपवणारी थंडी पडत नाही, म्हणून नाशिकच्या बागांत दोन छाटण्या घेतात. त्याने शेतातलं खरं उत्तर दिलं होतं. प्रश्नात मात्र "उताऱ्यानुसार" असा शब्द होता.

तेव्हापासून आमच्या खोलीत अशा चुकीचं नावच "खरड छाटणी" पडलंय. एखादी मुलगी मोबाइलच्या व्यसनावरच्या उताऱ्यात आपल्या मनातलं उत्तर निवडते आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "खरड छाटणी!"

ही सवय कुठून लागते याचा मी बराच विचार केला. आपल्या बोर्डाच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली शेवटी स्वमत असतं. तुम्हाला काय वाटतं ते लिहा, पटेल असं लिहा, गुण मिळतात. वर्षानुवर्षं उतारा आणि स्वमत एका श्वासात केलेलं असतं. मग प्रवेश परीक्षेतही डोकं उतारा वाचता वाचता मत तयार करून ठेवतं, आणि हात चार पर्यायांत त्या मताशी जुळणारा शोधतो. बोर्डाला यात दोष नाही, स्वमत चांगलीच गोष्ट आहे. या परीक्षेत त्याला जागा नाही एवढंच.

उपाय रुक्ष आहे. उताऱ्याच्या ओळींना पेन्सिलने आकडे द्या. प्रत्येक उत्तरापुढे ज्या ओळीच्या जोरावर ते निवडलं तिचा आकडा लिहा. आकडा लिहिता आला नाही तर ते उत्तर तुमच्या डोक्यातून आलंय, परत उताऱ्यात जा. मुख्य कल्पनेच्या प्रश्नाला एक ओळ पुरत नाही, तिथे दोन-तीन आकडे लिहा, आणि ते सगळे एकाच परिच्छेदातले असतील तर संशय घ्या. तीन आठवडे हे करताना वेळ लावायची नाही. मुलं कंटाळतात, आयांचे फोन येतात की मॅडम मुलगा मागे पडतोय. पडू द्या थोडा.

"दोन पर्याय उरतात" वाल्यांसाठीही हेच औषध. उरलेल्या दोनांतला खोटा पर्याय बहुधा चारपैकी एका साच्यातला असतो. एकात उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे उचललेले असतात पण संबंध बदललेला असतो. दुसऱ्यात अर्धं वाक्य खरं आणि शेपूट खोटं. तिसऱ्यात "ऑल्वेज", "ओन्ली", "नेव्हर" असा शब्द घालून साध्या विधानाचं टोक केलेलं असतं. चौथा म्हणजे खरड छाटणी: जगात खरं, उताऱ्यात नाही. उताऱ्यातले शब्द ओळखीचे दिसले की मुलांना धीर येतो आणि ती तिकडेच झुकतात. बरोबर पर्याय पुष्कळदा तोच अर्थ वेगळ्या शब्दांत सांगणारा, दिसायला परका असतो.

तपासणी ५: छोटे शब्द

एखादी मावशी स्थळाबद्दल "मुलगी चांगली आहे हो, पण..." म्हणाली की सगळं घर "पण"नंतरचं ऐकायला कान टवकारतं. मराठीत हे आपल्याला शिकवावं लागत नाही. इंग्रजीत मात्र "हाऊएव्हर", "यट", "अल्दो", "नेव्हरदलेस" यांवरून मुलं डोळे झाकून पुढे जातात, कारण शब्द माहीत असतो. लेखकाचं मत विचारलं असेल तर ते बहुधा "हाऊएव्हर"च्या पुढे असतं. मागे असतं ते इतरांचं मत, लेखकाने खोडायला मांडलेलं.

इंग्रजी अग्रलेख घ्या आणि फक्त या शब्दांभोवती गोल करा. बाकी वाचूही नका. पाच मिनिटांचं काम, पंधरा दिवस.

त्यातच हे काही ठक ओळखून ठेवा. "फ्यू" म्हणजे जवळपास नाहीतच, "अ फ्यू" म्हणजे थोडे आहेत, आणि "क्वाइट अ फ्यू" म्हणजे चक्क बरेच. "हार्डली" हे "हार्ड"चं भावंड वाटतं, पण त्याचा अर्थ "जेमतेम, नाहीच म्हणा". "एनीथिंग बट चीप" म्हणजे स्वस्त सोडून काहीही, थोडक्यात महाग. "नॉट अनकॉमन" म्हणजे बऱ्यापैकी आढळणारं. दोन नकारांचं वाक्य दिसलं की थांबून त्याचं सरळ वाक्य करा, मगच पुढे चला.

तपासणी ६: लांब वाक्य मोडता येतं का?

इथून काम अवघड व्हायला लागतं. हे वाक्य बघा:

"द ट्रेडर हू रिफ्यूज्ड टु बाय द ओनियन्स दॅट हॅड गॉट वेट इन द रेन लॉस्ट नथिंग."

मी विचारते, काय म्हटलंय? निम्मा वर्ग सांगतो, पावसाने काही नुकसान झालं नाही. "रेन लॉस्ट नथिंग" हे तीन शब्द शेजारी शेजारी आले, म्हणून. खरं वाक्य असं आहे: पावसात भिजलेला कांदा घ्यायला ज्या व्यापाऱ्याने नकार दिला, त्याचं काहीच गेलं नाही. लासलगावच्या बाजारात हा फरक कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. कांदा गेलाच, तो शेतकऱ्याचा गेला.

असं का होतं? मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि ते कोणाचं हे त्याच्या रूपावरून कळतं. कांदा भिजला, भाजी भिजली, पीक भिजलं. शब्द इकडचे तिकडे झाले तरी नातं तुटत नाही. इंग्रजीतलं "लॉस्ट" कोणाचंच लिंग-वचन सांगत नाही, ते फक्त जागेवरून ओळखायचं. शिवाय आपण "ज्या व्यापाऱ्याने..." असं वर्णन आधी करून "तो" नंतर आणतो. इंग्रजी "ट्रेडर" आधी ठेवते, मग मध्ये सगळं वर्णन कोंबते आणि त्याचं क्रियापद पार पुढे देते. मराठी कान जवळचा शब्द धरतो आणि फसतो.

दुरुस्ती अशी. "हू", "विच", "दॅट", "हूज" दिसलं की तिथे कंस सुरू करा. त्या तुकड्याचं स्वतःचं क्रियापद आणि शेपूट संपलं की कंस बंद. कंसाबाहेर उरलं ते मुख्य वाक्य: "द ट्रेडर लॉस्ट नथिंग." मग कंसातला मजकूर एकेक करून परत आत घ्या. दिवसाला पाच वाक्यं, जास्त नको. वाक्यं सरावाच्या उताऱ्यांतलीच घ्या, सर्वांत लांब असतील ती.

"इट", "धिस", "दे", "द लॅटर" यांचंही तसंच. मराठीत "ती" म्हटलं की नदी की डोंगर ते कळतं, "इट" काहीच सांगत नाही. प्रत्येक "इट"वरून बाण काढून तो कोणाकडे जातो ते दाखवा. "द फॉर्मर" म्हणजे दोघांतला आधीचा, "द लॅटर" नंतरचा. "फॉर्मर"चा शेतकरी झालेला मी दोनदा पाहिलाय.

तपासणी ७: पडदा

सीयूईटी आणि राज्याच्या सीईटी संगणकावर होतात, क्लॅट कागदावर. वर्षभर छापील पुस्तकावर सराव करून संगणकापुढे बसलं की पेन्सिल हातात नसते आणि ओळ हरवते. घरी संगणक नसेल तर शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन पूर्ण पेपर सोडवा. सीयूईटी घेणाऱ्या एनटीए या संस्थेच्या संकेतस्थळावर सराव चाचण्या फुकट आहेत. मोबाइलवर सोडवलेली चाचणी यात धरू नका. ओळींचे आकडे पडद्यावर घालता येत नाहीत, म्हणून परिच्छेदाचा आकडा आणि एक खुणेचा शब्द कच्च्या कागदावर लिहायची सवय करा.

तपासणी ८: शब्द

आता यादी. आधी माझी कबुली: सुरुवातीची तीन-चार वर्षं मी मुलांकडून रोज वीस शब्द पाठ करून घ्यायचे. सोमवारी परीक्षा, चुकला तर दहा वेळा लिहा. मुलांना शब्द येत होते, उतारे तसेच चुकत होते. कारण उताऱ्यात शब्द एकटा येत नाही, आणि अडचण अनोळखी शब्दापेक्षा ओळखीच्या शब्दाची जास्त असते. "सँक्शन" घ्या. आपल्याकडे कर्ज सँक्शन होतं, म्हणजे मंजूर होतं. आंतरराष्ट्रीय बातमीत एका देशावर "सँक्शन्स" घातले, म्हणजे निर्बंध. "इव्हेंच्युअली" म्हणजे कधीकधी नव्हे, शेवटी. "अॅड्रेस द प्रॉब्लेम" यात पत्ता नाही, तोडगा आहे. अनोळखी शब्दापुढे मूल थांबतं तरी. ओळखीचा शब्द त्याला हसत हसत खड्ड्यात नेतो.

म्हणून चुकलेल्या उताऱ्यांतलेच शब्द वहीत घ्या, त्यांच्या पूर्ण वाक्यासकट. अर्थ बघण्याआधी आजूबाजूच्या वाक्यावरून अंदाज लिहा, मग शब्दकोश. अंदाज निम्म्याहून अधिक वेळा जवळ जायला लागला की यादीची फारशी गरज उरत नाही.

पाठ करायचीच हौस असेल तर एकच छोटी यादी करा, लेखकाचा सूर सांगणाऱ्या शब्दांची: "स्केप्टिकल", "आयरॉनिक", "नॉस्टॅल्जिक", "इन्डिफरंट", "क्रिटिकल", "अॅम्बिव्हॅलंट" असे पंधरा-वीस. साहित्यिक उताऱ्यांत हे पर्यायांतच येतात, आणि तिथे संदर्भ मदतीला नसतो.

तपासणी ९: वाचायची सवयच नसेल तर

वरचं सगळं करूनही तिसऱ्या उताऱ्यापर्यंत डोकं जड होत असेल, तर सलग वाचायचा दम कमी आहे. याला आठवड्यांत उपाय नाही, चार-सहा महिने धरा. परीक्षा पंधरा दिवसांवर असेल तर ही तपासणी सोडून द्या आणि चौथीवरच जोर लावा.

रोज वीस मिनिटं, न समजलेलं सोडून देत, सलग इंग्रजी. काय वाचायचं? ज्यात तुम्हाला आधीच रस आहे ते. क्रिकेटवाल्याने क्रिकेटवरचे मोठे लेख वाचावेत, अग्रलेखाने सुरुवात केली तर चौथ्या दिवशी सुटतं. अग्रलेख दुसऱ्या महिन्यात. पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. आपलं सावाना, सार्वजनिक वाचनालय, १८४० पासून शहरात आहे आणि अभ्यासिकेत रोज आठ तास बसणाऱ्या कितीतरी मुलांनी तिथलं एकही पुस्तक घरी नेलेलं नसतं. नाशिकरोडहून कॉलेजरोडला येणारी माझी एक विद्यार्थिनी सिटीलिंकच्या बसमध्येच वाचायची. उभं राहायला लागलं तरी. तिने वेगळा वेळ कधी काढलाच नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

वाचताना डोकं दुखतं, अक्षरं पुसट होतात, ओळ हरवते: आधी डोळे तपासून घ्या. मी एका मुलीला महिनाभर पेन्सिल सरकवायला लावली होती. तिला चष्मा लागला होता.

मराठीही लहानपणापासून फार सावकाश आणि अडखळत वाचलं जात असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, बोलून विचारलं तर सगळं येतं पण कागदावर येत नाही, असं असेल तर जास्त सरावाने ते सुधारणार नाही आणि मुलाला आळशी म्हणणं अन्यायाचं आहे. बालरोगतज्ज्ञांना भेटून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती समाविष्ट आहे, आणि ठरलेल्या टक्केवारीचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जास्तीचा वेळ मिळू शकतो. प्रमाणपत्राला वेळ लागतो आणि त्याची माहिती परीक्षेचा अर्ज भरतानाच द्यावी लागते, म्हणून हॉलतिकीट हातात आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

घरी दहात आठ आणि परीक्षेसारख्या वातावरणात दहात तीन, हात थरथरतात, झोप उडालीय, जेवण जात नाही: उतारे बंद करा. समुपदेशकाशी बोला. सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे. घरच्यांनी या काळात गुण विचारू नयेत.

आणि शेवटचं. चौथी आणि सहावी तपासणी सहा आठवडे नेमाने केली, घड्याळ नाही, शब्दकोश जवळ आहे, तरी निम्म्याहून कमी बरोबर येतायत, तर पायाचं व्याकरण कच्चं आहे आणि ते एकट्याने भरून निघणं कठीण. शिक्षक गाठा. कॉलेजातले इंग्रजीचे सर किंवा मॅडम मोकळ्या तासाला बसवून घेतात का ते आधी विचारा, बरेच जण घेतात आणि पैसेही मागत नाहीत. क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी तुमचा चुकलेला एक पेपर त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यातले तीन प्रश्न का चुकले ते विचारा. त्यांनी पेपर हातात घेऊन उताऱ्यावर बोट ठेवलं तर बसा. पेपर बाजूला सारून शब्दांच्या यादीचं जाडजूड पुस्तक पुढे केलं, तर चहा पिऊन घरी या.